विश्रामबागेतले वालचंद

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ साली सांगलीत झाली, तेव्हा त्याचे नाव ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ होते. धोंडूमामा साठे यांनी ते उभे केले. सांगलीवर त्या वेळी पटवर्धनांचे राज्य होते. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते पुढच्या वर्षी. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासून आणि मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ पासून चालू होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचे, तर घर सोडून यांपैकी एखादे शहर गाठावे लागे. ते ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी सांगलीत पदवीचे शिक्षण सुरू होणे ही फार मोठी गोष्ट होती.

जागा विश्रामबागेतली, सांगली आणि मिरज यांच्या मधली. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून याच परिसरात आहे, त्यामुळे इथल्या वस्तीला शिक्षणाचे वळण आधीच लागलेले होते. महाविद्यालयाचा परिसर सुमारे ९० एकरांचा आहे. एका बाजूला कृष्णाकाठची हळदीची पेठ, दुसऱ्या बाजूला मिरजेचे रेल्वे जंक्शन, आणि याच जिल्ह्यात १९१० पासून शेतीची अवजारे आणि पुढे पंपही घडवणारी किर्लोस्करवाडी. यंत्र ही इथल्या माणसाला परकी वस्तू नव्हती. विहिरीवरचे इंजिन आणि उसाचा चरक त्याने लहानपणापासून पाहिलेला असे.

सुरुवात स्थापत्य शाखेने झाली आणि ते योग्यच होते. रस्ते, पूल, कालवे, पाणीपुरवठा यांची कामे वाढत होती. पुढच्याच दशकात कोयना धरणाची उभारणी सुरू झाली. अशा कामांना साखळी आणि थिओडोलाइट घेऊन रानोमाळ हिंडणारे इंजिनिअर हवे होते.

१९५५ साली महाविद्यालयाला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. वालचंद दोनच वर्षांपूर्वी वारले होते. सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने रेल्वेची कंत्राटे घेत सुरुवात केली आणि जहाज, विमान, मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घातला. तंत्रशिक्षणाच्या संस्थेला याहून शोभणारे नाव शोधून सापडले नसते. याच सुमारास यंत्र आणि विद्युत या शाखा आल्या.

पदवीच्या जोडीने इथे पदविकेचे वर्गही चालले, आणि या संस्थेचे खरे मोठेपण त्यात आहे. दहावीनंतर डिप्लोमाला आलेला मुलगा आणि बारावीनंतर डिग्रीला आलेला मुलगा एकाच आवारात शिकले. वर्कशॉपमध्ये फायलिंग करून जॉब काटकोनात आणायचा, लेथवर माप जुळवायचे, साच्यात धातू ओतायचा, ही मेहनत दोघांच्याही वाट्याला आली. कारखान्याला आराखडा काढणारा जितका लागतो, तितकाच तो प्रत्यक्षात उतरवणाराही लागतो.

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि महाविद्यालय त्याच्याशी जोडले गेले. इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या शाखा १९८० च्या दशकात सुरू झाल्या. १९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि गावोगावी नवी महाविद्यालये निघाली. वालचंद मात्र अनुदानित राहिले. कमी शुल्कात शिकण्याची सोय इथे टिकली, ती शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींसाठी मोलाची होती.

२००७ पासून महाविद्यालय स्वायत्त आहे. अभ्यासक्रम ठरवणे आणि परीक्षा घेणे ही कामे ते स्वतः करते. पदवी शिवाजी विद्यापीठाची मिळते.