बाळ घरी येण्याआधी खोलीतून पोती, औषधं आणि शेगडी बाहेर काढा

हिंगोली : पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सातवा-आठवा महिना लागला की लेक माहेरी येते आणि घरात तयारी सुरू होते. दुपटी, टोपरी, झबली शिवून होतात, पाळणा माळ्यावरून खाली येतो, डिंक-खोबरं-आळीव भरून ठेवलं जातं. खोलीचं मात्र शेवटी बघू म्हणतात. आता बाळंतपण दवाखान्यातच होतं. साधं असेल तर दोन दिवसांत, सिझर असेल तर आठवडाभरात बाळ घरी येतं. मग घाईघाईत आतली खोली झाडून बाज टाकली जाते. अडचण अशी की शेतकऱ्याच्या घरात आतली खोली म्हणजे निम्मं गोडाऊन असतं.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही तालुक्यात बघा. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची थप्पी घरात लागते. मार्च-एप्रिलात शिजवून वाळवलेली हळद येते. भाव वाढेल या आशेवर ती महिनोन्‌महिने तिथंच राहते. त्याच कोपऱ्यात फवारणीचा पंप, तणनाशकाचा अर्धा डबा, बियाण्याच्या उरलेल्या पिशव्या. मोठ्या माणसाला त्या वासाची सवय झालेली असते. दोन-अडीच किलोचं लेकरू मात्र मोठ्या माणसापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेतं, म्हणजे खोलीतलं जे काही हवेत आहे ते वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जास्त जातं.

यात सगळ्यात घातक म्हणजे धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत टाकतात त्या गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा असं औषध नाही. दवाखान्यात फक्त श्वास आणि हृदय सांभाळत बसावं लागतं. शेजारच्या खोलीत ठेवलेल्या धान्यातल्या गोळ्यांनी झोपेत माणसं आणि लेकरं दगावल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. राहत्या घरात या गोळ्या वापरायच्याच नसतात. तरीही कुणी टाकल्या असतील तर त्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या खोलीत बाळंतीण झोपवू नका. पोती सहा-सात महिन्यांच्या पोटाच्या बाईला उपसायला लावू नका. ते काम घरातल्या गड्यांचं, आणि दारं-खिडक्या उघडून करायचं.

डांबर गोळ्यांचंही तसंच. जुनी मऊ लुगडी, धोतरं दुपट्यांसाठी पेटीतून काढतात. त्यात डांबर गोळ्या असतील तर काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वासाने फुटतात आणि जोराची कावीळ होते. कोणत्या बाळाला होईल हे आधी दिसत नाही. म्हणून ते कपडे गरम पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका.

आता शेगडीचा विषय. यावरून सासू-सुनेचं, मायलेकीचं हमखास वाजतं. ‘आम्ही पाच-पाच लेकरं शेक-शेगडीवरच वाढवली’ हे म्हातारीचं म्हणणं. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. नवजात बाळाला ऊब लागतेच, थंडी बाधली तर ते दूध ओढत नाही आणि झपाट्याने खालावतं. पण जुनं घर मातीचं, वर धाबं, त्यात धूर जायला सवणं असायचं. आजची खोली सिमेंटची, खिडकी लोखंडी, फटींना कागद लावलेला. तिथं कोळशाची शेगडी ठेवून दार लावलं की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला ना रंग ना वास, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. गोवऱ्यांचा धूर, ओव्या-शेपाची धुरी, मच्छर अगरबत्ती, हे सगळं बाळाच्या छातीत जातं. न्यूमोनियाला ते आमंत्रणच. बाळंतिणीला शेकायचंच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने, बाळाला बाजूला ठेवून.

मग ऊब कशी द्यायची? आईच्या अंगाची. टोपरं, पायमोजे घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून शाल गुंडाळायची. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर हेच मोठं औषध. आई दमली तर आजी किंवा बापानेही असंच धरलं तरी चालतं. बापाने लाजायचं कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम उभं केलं. ऊब, स्तनपान, वेळेवर जंतुसंसर्ग ओळखणं, अशा गोष्टी गावातल्याच शिकलेल्या बायांनी केल्या. तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आपल्या दारात येणारी आशाताई त्याच धर्तीवरचं काम करते.

अंधाऱ्या खोलीचंही एकदा बघा. नजर लागू नये, वारं लागू नये म्हणून खिडकीला चादर लावतात. अंधारात बाळ पिवळं पडलेलं दिसत नाही. थोडीफार कावीळ बऱ्याच बाळांना होते आणि उतरते, पण पहिल्याच दिवशी दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर थांबायचं नाही. रोज सकाळी दिवसाच्या उजेडात बाळ उघडं करून बघता आलं पाहिजे. वारा थेट अंगावर येणार नाही अशी एक खिडकी उघडी ठेवा.

उन्हाळ्यातलं बाळंतपण असेल तर गोष्ट उलटी. पारा चाळिशीपार आणि वर पत्रे, अशा वेळी लोकरीचं टोपरं नको. पत्र्यावर कडबा किंवा ओलं पोतं टाका, कूलर बाजूच्या भिंतीकडे वळवा, त्याची वायर पाळण्यापासून लांब ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण नकोच. मण्यार रात्री खाली झोपलेल्या माणसालाच चावते. बाज आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, यात डास आणि साप दोन्ही टळतात.

सारवलेली जमीन चांगली वाळू द्या. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे नाळेला शेण, राख, हळद, तेल काहीच लावायचं नाही. नाळ कोरडी राहिली की आपोआप गळते. बाळाला उताणं झोपवा, तोंडाजवळ उशी-गोधडी नको. झोळीत बाळ एकटं सोडून कामाला जाऊ नका, कापड तोंडावर येतं.

ज्यांचं घरच एका खोलीचं त्यांनी काय करायचं? चुलीपासून लांबचा, उजेडाचा एक कोपरा साडी बांधून वेगळा करा. तिथं बाज, हात धुवायला साबण-पाणी, एवढं पुरे. औषधाचे डबे मात्र घराबाहेर, गोठ्यात उंचावर कुलपात. चूल बाहेर मांडता आली तर उत्तम.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. ती वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. तिला दारातून परत पाठवू नका, ‘बारशापर्यंत कुणी आत येऊ नये’ हे तिच्यासाठी नाही. मधल्या दिवसांत बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास चालले, छाती आत ओढली गेली, झटके आले, तर रात्र काढू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीलाच धरून ठेवा. हे दोन नंबर आणि गावातल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर बाजेजवळच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मोबाईलची चार्जिंग नेमकी त्याच वेळी संपलेली असते.