डावणी, धरण आणि डार्विन

दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. जूनमध्ये शाळा भरते, दप्तरं अजून दमट असतात, आणि आम्ही प्रतिलेखन-भाषांतरण उरकून पेरिपॅटस, प्लॅटिपस, फुप्फुसमासा अशा पाहुण्यांपर्यंत येऊन पोचतो. कराडात हा धडा शिकवताना मागच्या बाकावरून दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: “सर, मग आता माकडांची माणसं का होत नाहीत?” वर्ग हसतो. उत्तर सोपं आहे. आजच्या माकडाचा माणूस झाला असं कोणी म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण एका जुन्या पूर्वजाची लेकरं, म्हणजे चुलत घराणं. चुलतभावाला कोणी आजोबा म्हणत नाही.

अवघड प्रश्न एका मुलीनं एकदाच विचारला. “सर, पुस्तकात डार्विनचा सिद्धांत म्हटलंय. क्लासचे सर म्हणतात, ती नुसती थिअरी आहे, फॅक्ट नाही. परीक्षेत काय लिहायचं?” मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या दिवशीचं राहिलेलं उत्तर.

मराठीत या प्रश्नाची गंमत आहे आणि फसगतही. ‘सिद्धांत’ म्हणजे जे सिद्ध होऊन निकाली निघालं ते. भास्कराचार्यांनी ११५० साली आपल्या ग्रंथाला ‘सिद्धांतशिरोमणी’ नाव दिलं ते ‘माझा आपला एक अंदाज’ अशा अर्थानं नक्कीच नाही. ‘थिअरी’ मात्र आपल्याकडे कॉलेजातून आली, प्रॅक्टिकलची सवत म्हणून. थिअरीत पास, प्रॅक्टिकलला बोंब. चहाच्या गाड्यावर ‘माझी एक थिअरी आहे’ म्हटलं की पुराव्याविना ठोकायला रान मोकळं. विज्ञान असल्या ठोकण्याला फार तर गृहीतक म्हणेल, तेही तपासण्याजोगं असलं तर. सिद्धांत म्हणजे ढीगभर तथ्यांना एका दाव्याला बांधणारं, पुन्हापुन्हा तपासलेलं स्पष्टीकरण. तो जुना झाला की बढती मिळून तथ्य होतो, असंही नाही. तलाठ्याचा मंडल अधिकारी होतो तसली ही उतरंड नव्हे. तथ्य आणि सिद्धांत ही दोन वेगळी खातीच आहेत.

त्यात ‘उत्क्रांतिवाद’ हा शब्द. वाद म्हटला की प्रतिवादी आलाच, आणि मग दोन्ही बाजू ऐकून घ्या म्हणणारे मध्यस्थही. खुद्द ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ तर वरच चढवतो, जणू अमीबा पहिल्या पायरीवर आणि आपण गच्चीत. निसर्गात अशी शिडी नाही. अंधाऱ्या गुहेतल्या माशाचे डोळे पिढ्यांमागून पिढ्या जात नाहीसे झाले, तीही उत्क्रांतीच. टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त सांख्यांच्या गुणपरिणामाशेजारी डार्विन आणि हेकेल यांना बसवलं, तेव्हापासून किंवा त्याआधीपासूनही असेल, मराठी वाचकाला ही कल्पना ओळखीची वाटते. दशावतारांची मत्स्य-कूर्म-वराह ही ओळ तर कीर्तनातही ऐकायला मिळते. ओळखीचं वाटलं म्हणजे कळलं असं मात्र होत नाही.

तथ्य आणि सिद्धांत यांतला फरक कराडकराला परदेशी उदाहरणांवाचून समजायला हवा. तो आपल्या पायाखाली आहे. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर हललं, कराड हललं, धक्का दूरवर पोचला. रिश्टर मापावर सहाच्या पुढचा भूकंप, दोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरात ही तारीख लग्नाच्या तारखांसारखी पाठ होती. वडील सांगत, थंडीचे दिवस असूनही माणसं कित्येक रात्री अंगणात गोधड्या घेऊन पडत. भूकंप झाला हे तथ्य. यावर वाद घालणारा कराडात भेटणार नाही.

तो का झाला, हा दुसरा प्रश्न. दख्खनच्या या भागात भूकंप होत नाहीत असा समज होता, आणि धरणात पाणी साठायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पाण्याचं ओझं आणि भेगांतून खोल झिरपणारा दाब यांनी जमिनीखालचा आधीच ताणलेला प्रस्तरभंग निसटला, असं एक स्पष्टीकरण पुढे आलं. दुसरी स्पष्टीकरणंही होती आणि तावातावानं मांडली गेली. मग दशकानुदशकं छोट्या-मोठ्या धक्क्यांच्या नोंदी साठल्या, जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या यांची सांगड घातली गेली, आणि कोयना हे धरणामुळे उठणाऱ्या भूकंपांचं जगातलं ठळक उदाहरण ठरलं. हा सिद्धांत. त्याची तपासणी अजून चालूच आहे. कराडला हजारमाचीत पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली ती याचसाठी. कोयनेच्या खोऱ्यात गोठणे इथं ३ किलोमीटर खोल बोअर पाडलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ संपला आणि खाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट लागला.

आता कोणी म्हणालं, ‘भूकंपाची थिअरी अजून तपासताहेत, म्हणजे १९६७ साली काही झालंच नाही’, तर त्याला आपण पाणी प्यायला देऊ. उत्क्रांतीबाबत नेमकं हेच बोललं जातं आणि आपण मान डोलावतो. सजीव बदलत आले, आजच्या जाती जुन्या जातींपासून निघाल्या, सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, हे घडलेलं आहे. ते तथ्याच्या खात्यात. ते कसं घडलं, नैसर्गिक निवडीचा वाटा किती, योगायोगाचा किती, वेग कसा, हे सिद्धांताच्या खात्यात. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं की उत्क्रांती तथ्यही आहे आणि सिद्धांतही. मुलीला मी हे एक वाक्य सांगितलं असतं तरी तिचा पेपर सुटला असता.

‘पण पाहिलं कुणी?’ हा हुकमाचा एक्का. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तोच टाकला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही, सबब डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं आणि वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी असं बोलणं टाळा म्हणून सांगितलं. मला राहून राहून नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सिंहसाहेब त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसताना ठसे, रक्ताचा डाग, मोबाइलचं लोकेशन अशा परिस्थितीजन्य पुराव्यावर गुन्हा शाबीत होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? कोयनेच्या पोटातला तो प्रस्तर निसटताना तरी कोणी पाहिला होता?

महाराष्ट्रातलाच एक पुरावा मला फार आवडतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचं दगड झालेलं शेण सापडतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत गवतांच्या पेशींतले सिलिकेचे कण. संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. तोवर गवतं बरीच नंतरची असं मानत. शेणानं ती मागे नेली, थेट डायनोसॉरच्या दावणीला. उत्क्रांतीच्या इतिहासातलं एक पान बदललं. पुस्तक जळलं नाही, उलट भरलं. सिद्धांत चुका पचवतो तो असा.

घराजवळचा पुरावा हवा तर पावसाळ्यात कोयनेला जा. हुंबर्लीच्या बाजूला एक लहानसा भेक असतो, कुशीला पिवळे डाग. १९६३ मध्ये सोमण यांनी त्याचं वर्णन करून कोयनेचंच नाव दिलं. २००९ मध्ये सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी आंबोलीच्या सड्यावरून त्याचा भाऊबंद नोंदवला, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला, आणि या दोघांसाठी ‘झँथोफ्रायने’ ही वेगळी प्रजाती मांडली. दोघांमध्ये दीडशे-एक किलोमीटर सह्याद्री. सडे आणि पठारं म्हणजे भेकांच्या दृष्टीनं बेटंच. एका घराण्याच्या दोन वाटण्या झाल्या, बांध पडला आणि पिढ्या लोटल्यावर चेहरे वेगळे झाले. दोन्ही भेक धोक्यात आहेत, आंबोलीचा तर फारच.

डार्विनकडे सगळी उत्तरं होती असं नाही. गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात याची त्याची कल्पना साफ चुकली. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापून आला आणि १९०० पर्यंत धूळ खात पडला. दोघांची गाठ पुढच्या पिढीनं घालून दिली. त्यातले एक जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतातच येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९६८ मध्ये जपानच्या किमुरांनी रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नुसते योगायोगानं टिकतात असं म्हणून मोठं भांडण लावलं. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी नैसर्गिक निवड तपासताच येत नाही असं म्हटलं, आणि १९७८ मध्ये ते मागेही घेतलं. ही सगळी भांडणं घरातली आहेत, वाटे किती यावरची. घर आहे की नाही यावर कोणीच भांडत नाही.

भांडण नसलेली गोष्ट पुस्तकातून मात्र जाऊ शकते. एनसीईआरटीनं कोरोनाकाळातला भार हलका करायचा म्हणून दहावीतला उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३ च्या पुस्तकात तो उरलाच नाही. ‘हेरेडिटी अँड इव्होल्युशन’मधलं नुसतं ‘हेरेडिटी’ राहिलं. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. बारावीच्या पुस्तकात तो धडा आहे, पण तिथे जीवशास्त्र घेणाराच पोचतो. आमच्या वाड्यात दोन चुलत बहिणी एकाच वर्षी दहावीला होत्या, एक स्टेट बोर्डाची, एक सीबीएसईची. पहिलीला डार्विन पाच गुणांना होता, दुसरीला शून्य. दुसरी पहिलीला म्हणाली, “तुझं सुटलं असतं तर बरं झालं असतं ना गं?” मुलांचं गणित सरळ असतं.

कराडपासून जवळच कृष्णाकाठी टेंभू आहे. गोपाळ गणेश आगरकर १८५६ मध्ये तिथे जन्मले, म्हणजे डार्विनचं पुस्तक आलं तेव्हा तीन वर्षांचे. मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेला हा माणूस ‘सुधारक’मधून लोकांना ‘कशावरून?’ विचारायला शिकवत राहिला आणि १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, गेला. आज टेंभूचं नाव निघतं ते पाण्यासाठी. उपसा योजनेचं पाणी तिथून उचलून खानापूर, आटपाडीच्या कोरड्या माळापर्यंत जातं, आणि त्या पाण्यावर द्राक्षबागा उभ्या आहेत. तिकडेच आमची थोरली बहीण दिली.

दिवाळीत तिच्याकडे गेलो की दाजी आधी बागेत नेतात. ऑक्टोबर छाटणी झालेली, पोंगे फुटून पानं तळहाताएवढी. एके वर्षी परतीच्या पावसानं मुक्काम ठोकला होता. दाजींनी पान उलटून दाखवलं. वर तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखे पिवळट डाग, खाली पांढरी लव. डावणी. (शास्त्र म्हणतं ही खरी बुरशीही नव्हे, पण ते बागेत सांगायची सोय नाही.)

“आवो पावनं, गेल्या सालाला ह्याच औषधानं जागच्या जागी बसली हुती. औंदा निस्तं पाणी मारल्यागत झालंय. सवय लागली तिला औषधाची, दारुड्याला क्वार्टर पुरंना तसं.”

सवय. डार्विनच्या आधीचा लामार्क याहून वेगळं काय म्हणत होता? वापरानं अंगवळणी पडतं आणि ते लेकरांत उतरतं. सगळा सांगली जिल्हा या बाबतीत लामार्कवादी असावा. घडतं ते निराळंच. त्या औषधांच्या एका गटाचं काम बुरशीच्या पेशीचा श्वास कोंडणं. एका डागावर बीजाणू हजारोंनी. त्यातल्या एखाद्यात, औषधाशी काही संबंध नसताना, एका प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी अॅलानीन आलेलं असतं. एवढ्यानं औषधाला पकडायची जागाच राहत नाही. ब्लोअर फिरतो, बाकीचे मरतात, तो उरतो. पुढच्या पानावर त्याचीच प्रजा. सवय कोणालाच लागलेली नसते. ज्यांना लागू पडायचं ते मेले, एवढंच. जगभरच्या द्राक्षमळ्यांत हाच एक बदल पुन्हापुन्हा सापडला आहे. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या लागू पडेनाशा होतात तेही याच रीतीनं. पाहिलं कुणी, तर दाजींनी पाहिलं, चार हंगामांत, पान उलटून.

मी बांधावर बसून हे सगळं सांगितलं. दाजींनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

“मंजे ह्या औषधानं आमीच निवडून ठिवली म्हना की तिला.”

“तेच म्हणतोय मी.”

“आन् मी म्हनतो सवय लागली. इस्कटून सांगितलं तर येकच की वो.”

पुढच्या दिवाळीला गेलो तर पंपाच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. तारखांच्या चौकोनात निळ्या पेनानं आकडे: ४०, मग ११, मग ४, मग परत ४०. मधे एका ठिकाणी लागोपाठ दोनदा ११ पडला होता, त्यातला दुसरा खोडून बाजूला बहिणीच्या अक्षरात ‘नको’ लिहिलेलं. सल्लागारानं दिलेले औषधांचे गट क्रमांक. “एकाला दोनदा मारायचं न्हाई,” दाजी म्हणाले, “सवय लागतीया.”