पांढऱ्या डागांसाठी अ‍ॅसिड कशाला?

वाशिम शहराला एकबुर्जी प्रकल्पाचे पाणी मिळते. पण उन्हाळ्यात शहरात काय नि खेड्यात काय, अनेक घरांची भिस्त बोअरवर असते. काळ्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी वाळले की क्षार मागे राहतात आणि नळ, बादली, शौचालयाचे भांडे यांवर पांढरा थर चढतो. मग दुकानातून अ‍ॅसिडची प्लॅस्टिकची बाटली येते.

थर जातो, पण वाफेने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. दम्याच्या रुग्णाला तर जास्तच त्रास होतो. दुसरे नुकसान दिसत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाने खेड्यांसाठी दोन खड्ड्यांच्या शौचालयावर भर दिला. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा; तोवर पहिल्यातील मैल्याचे जिवाणू खत करतात. सेप्टिक टँकचे कामही जिवाणूंवरच चालते. तीव्र अ‍ॅसिड वारंवार ओतले, तर हेच जिवाणू मरतात.

हा थर बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो सौम्य आम्लातही विरघळतो; फक्त वेळ द्यावा लागतो. किराणा दुकानात सुटे लिंबूसत्त्व कागदाच्या पुडीत मिळते. दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात विरघळवावे. त्यात भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळावे, मग घासून धुवावे. भांड्यात हेच पाणी रात्री ओतून सकाळी काथ्याने किंवा खराट्याने घासावे. प्लॅस्टिकचा ब्रश झिजतो आणि त्याचे बारीक कण सांडपाण्यात जातात. काथ्या मातीत मिसळतो.

न्हाणीत शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल, तर मात्र लिंबूसत्त्व, लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये. हे दगडही कॅल्शियम कार्बोनेटचेच. थराबरोबर फरशीही झिजते. तेथे खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसावे. भिंतीच्या टाइल्सवरचा साबणाचा चिकट थरही सोड्याने निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर फेस भरपूर येतो. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते जवळपास साधे खारे पाणी. म्हणून दोन्ही वेगवेगळे वापरावेत.

लिंबूसत्त्व आणि सोडा डाग काढतात, पण रोगजंतू मारण्याची खात्री देत नाहीत. घरात कोणाला जुलाब किंवा कावीळ झाली असेल, तर ब्लीचिंग पावडरच वापरावी. ती लिंबूसत्त्वात, व्हिनेगरमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आधी लावलेले आम्ल भरपूर पाण्याने धुऊन टाकावे, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि मगच पावडर वापरावी.

लिंबूसत्त्वाचे द्रावण काचेच्या बाटलीत, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. सर्वांत स्वस्त उपाय मात्र अंघोळीनंतरचा आहे: नळ आणि फरशी कोरडी पुसून घ्यावी. पाणी वाळायला उरलेच नाही, तर थर बसणार कशाचा?