झाकणाखालचं कॉर्क

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनावर सगळ्यात वर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं. मेस्त्री लोक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. हे झाकण आणि त्याखालचं अॅल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये कॉर्कची एक अरुंद चौकट दाबून बसवलेली असते. तिचं नाव पॅकिंग. गाडीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी ही एक. पण ती वाळली, की इंजिनाच्या अंगावरून तेलाचा ओघळ उतरायला लागतो, गाडी उभी राहते तिथल्या फरशीवर काळे डाग पडतात आणि चढावर इंजिन तापलं की जळक्या तेलाचा वास थेट आत येतो.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल, टपावरच्या कॅरिअरबद्दल, आतल्या रंगीबेरंगी छतांबद्दल भरभरून लिहिलं गेलं. ते सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं, की या गाडीचं खरं मोठेपण बॉनेटखाली आहे आणि तिथे कुणी डोकावलेलंच नाही. ही गाडी तिच्या मालकाला स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येत असे. अजून तसं करणारा कुणी आहे का, हे विचारत विचारत मी पुण्यात कोथरूडला, एका काकांकडे पोहोचले.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यात कारखाना उभा केला. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई, मग फियाटशी करार झाला. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. १९६४ मध्ये तिची चौकोनी वळणाची पुढची आवृत्ती आली आणि तीच सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं. एवढ्या काळात इंजिनाचा मूळ घाट मात्र तोच राहिला: चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक.

कोथरूडच्या काकांची पद्मिनी ऐंशीच्या दशकातली आहे. त्यांनी नोकरी केली भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये. त्यामुळे एखादा भाग हातात घेतला की आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून बघायची सवय त्यांना आहे. मी गेले तेव्हा गाडीखाली काकूंची जुनी परात ठेवलेली होती आणि काका तिच्यातले थेंब बघत होते.

“गळतंय हे कुणालाही कळतं,” ते म्हणाले. “कुठून गळतंय ते शोधायला हवं. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर गळती असेल असं समजू नका. तेल उताराने येतं, आणि गाडी चालली की पुढून येणारा वारा त्याला मागे नेतो.”

त्यांची रीत अशी. इंजिन थंड असताना बाहेरून रॉकेलने आणि ब्रशने धुऊन काढायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग संशय असेल त्या सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं आणि विजेरी घेऊन वरून खाली बघत यायचं. पांढऱ्या पावडरवर पहिली ओली रेघ जिथे उमटेल, तो उगम. खालचं सगळं त्याचं वाहून आलेलं. त्या दिवशी रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात उमटली. काका खूश झाले. ही घरी करण्याजोगी दुरुस्ती होती.

झाकण उघडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. आत एका शाफ्टवर ओळीने आठ रॉकर होते. या इंजिनाचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. तो लांब पुशरॉड वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक खाली येऊन व्हॉल्व्ह उघडतं आणि स्प्रिंग तो पुन्हा मिटवते. तेल पंपाच्या जोरावर रॉकर शाफ्टपर्यंत येतं, तिथून सगळ्या सांध्यांवर पाझरतं आणि भोकांमधून परत खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातं. झाकणाच्या कडेपर्यंत जे पोहोचतं ते नुसतं उडालेलं तेल आणि तेलाची वाफ. तिथे दाब जवळजवळ नसतोच. हे ऐकल्यावर माझी समजूत पार बदलली. मला वाटत होतं, पॅकिंग म्हणजे जोर करून येणाऱ्या तेलाला अडवणारा बांध. प्रत्यक्षात त्याला कुणाशी झुंजायचं नसतं. पत्रा आणि हेड या दोन पृष्ठभागांत जे बारीक खाचखळगे राहतात, ते सगळीकडे सारखे भरून ठेवायचे, एवढंच त्याचं काम.

आणि या कामासाठी निसर्गाने कॉर्क जणू बेतून दिलेलं आहे. कॉर्क ही एका जातीच्या ओक झाडाची साल. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालमध्ये होतं. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल सोलतात. झाड मरत नाही, नवी साल धरतं आणि नऊ वर्षांनी पुन्हा सोलायला तयार होतं. पॅकिंगसाठी या सालीचा भरडा चिकट द्रव्यात किंवा रबरात मिसळून, दाबून त्याची शीट करतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला बंद कप्प्यांची दाटी दिसली. हवा भरलेले ते कप्पेच इथे कामाला येतात. रबर दाबलं की ते बाजूला फुगतं, आणि अरुंद कडेवर फुगलेलं रबर सरकून बाहेर येतं. कॉर्क दाबलं की कप्पे आतल्या आत मिटतात आणि ते बाजूला जवळजवळ पसरतच नाही. ठेवलं तिथेच राहतं आणि वरच्या पत्र्याला हलकेच उलट रेटत राहतं. याच हूकने पुढे स्प्रिंगचा नियम मांडला. टॅपेट कव्हरखाली व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि त्यांच्यावर कॉर्क असं एकत्र पाहिलं, तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

पण कॉर्कला उष्णता सोसत नाही. वर्षानुवर्षं तापून आणि निवून कप्प्यांमधली उसळी जाते, पॅकिंग दबलेल्या अवस्थेतच कडक होतं. काकांनी जुनं पॅकिंग सोडवायला घेतलं, तर ते पापडासारखं मोडत गेलं.

मग सुरू झाली सफाई, आणि सगळा वेळ तिनेच खाल्ला. काकांनी आधी हेडमधल्या प्रत्येक भोकावर स्वच्छ चिंध्या बसवल्या. कॉर्कचा एखादा तुकडा आत पडला तर तो तेलाबरोबर थेट चेंबरमध्ये जाणार. हेडवर चिकटलेला भाग त्यांनी लाकडाच्या धारदार केलेल्या पट्टीने खरवडला. “लोखंडी पातं लावायचं नाही. अॅल्युमिनियम मऊ. एक चरा पडला की तेलाला कायमची वाट मिळाली.” लाकडाने न निघालेलं त्यांनी पेट्रोलने भिजवलेल्या फडक्याने पुसून पुसून काढलं. त्यासाठी गाडी उघड्यावर होती आणि बॅटरीची तार आधीच सोडलेली होती.

झाकण त्यांनी कडप्प्याच्या फरशीवर पालथं ठेवलं आणि कडेखालून कागद सरकवून पाहिला. मागच्या कोपऱ्यात कागद आरपार गेला. याआधी कुणीतरी गळती थांबावी म्हणून नट जीव खाऊन आवळलेले होते. नट फार आवळले की त्यांच्याजवळचा पत्रा दबतो आणि दूरची कड उचलली जाते. तेल त्या फटीतून येतं, ते बघून माणूस आणखी आवळतो, फट आणखी वाढते. काकांनी कडेखाली लाकडाचा ठोकळा धरला आणि छोट्या हातोडीने अगदी हलक्या टिचक्या मारत, दर दोन-तीन टिचक्यांनंतर फरशीवर ठेवून बघत, ती कड सरळ केली. गळतीचं मूळ कारण त्या वाकलेल्या पत्र्यात होतं. नुसतं नवं पॅकिंग घातलं असतं, तर तेही काही महिन्यांत गळलं असतं.

नवं पॅकिंग नाना पेठेतून आणलेलं होतं. दुकानात ते किती वर्षं टांगलेलं होतं कोण जाणे. वाळून आखडलेलं, झाकणाला लांबीत थोडं कमी पडणारं. काकूंनी ते परातीत कोमट पाण्यात भिजत घातलं. कॉर्क पाणी धरून हळूहळू मूळ मापावर येतं, हे त्यांना काकांइतकंच पाठ होतं. पुसून कोरडं केल्यावर काकांनी झाकणाच्या बाजूने गॅस्केटच्या डिंकाचा पातळ हात दिला, पॅकिंग त्यावर बसवलं आणि वर वजन ठेवलं. हेडच्या बाजूला फक्त ग्रीसचं बोट फिरवलं. टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट वेळोवेळी फिलर गेजने तपासावी लागते, तेव्हा झाकण पॅकिंगसकट अलगद उचलता यावं म्हणून.

नट आवळताना त्यांनी पाना टोकाला धरला नाही, मध्यावर धरला. दांडा आखूड झाला की हाताला वाजवीपेक्षा जास्त जोर लावताच येत नाही. एक नट थोडा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. कॉर्क दबायला लागल्याचं बोटांना कळलं, तिथे थांबले. इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, पुन्हा टाल्कम पावडर टाकली, विजेरी फिरवली. मागचा कोपरा कोरडा होता. काही दिवसांनी पॅकिंग बसतं, तेव्हा नट आणखी एकदा चाचपायचे असतात, पण थंड इंजिनावर आणि तितक्याच हलक्या हाताने.

गॅरेजमध्ये आता हे कुणी असं करत नाही, याची मला काळजी वाटते. पॅकिंग मिळत नाही किंवा थांबायला वेळ नाही, म्हणून सिलिकॉनची ट्यूब पिळतात. नीट वापरलं तर सिलिकॉनही उत्तम काम करतं. पण जाड थर दिला की तो आतल्या बाजूलाही ओघळतो, वाळल्यावर त्याचे तुकडे सुटतात आणि ते तेलाबरोबर पंपाच्या जाळीपर्यंत जातात. जाळी तुंबली की पंपाला तेल मिळत नाही, आणि मग गळतीच्या मानाने कितीतरी मोठं नुकसान होतं. काकांकडे यावर उपाय आहे. रबर-कॉर्कची शीट आणायची, झाकणाची कड तिच्यावर पेन्सिलीने आखायची आणि धारदार पात्याने पॅकिंग घरीच कापायचं. कागदाचं पॅकिंग असेल तर शीट सरळ भागावर ठेवून कडेवर हातोडीने ठोकत कापता येतं. कॉर्कवर ठोकलं तर ते भुसभुशीत होऊन तुटतं. भोकं पंचने पाडायची.

आणि झाकण कोरडं झाल्याने सगळं मिटलेलं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळलेला वायू त्यांच्या बाजूने खाली उतरतो आणि इंजिनाच्या पोटात दाब वाढवतो. हा दाब ब्रीदरच्या नळीतून निघून जायला हवा. नळी काजळीने तुंबली, तर तो प्रत्येक सांध्यातून तेल बाहेर रेटतो आणि सरळ केलेली कड, भिजवलेलं कॉर्क काही कामाचं राहत नाही. काकांनी नळी काढून साफ केली, पण इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उघडल्यावर जो धुराचा श्वास बाहेर येत होता, तो बघून त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. रिंगांचं काम म्हणजे इंजिन खोलणं.

शिवाय परातीतले थेंब कमी झाले, थांबले नाहीत. काही दिवसांनी मी फोन केला तेव्हा काकांनी पुढचा तपास लावलेला होता. आता तेल येत होतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या बरोबर खालून, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाकडून. तिथलं सील महाग नाही. पण पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मागच्या सीलपर्यंत जायचं तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, मग गिअरबॉक्स उतरवायचा, मग क्लच आणि फ्लायव्हील काढायचं. घराच्या अंगणात, जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर उभ्या केलेल्या गाडीखाली आडवं होऊन एकट्याने हे करणं धोक्याचं आहे, आणि काकांचं वय सत्तरीच्या पुढचं. गाडीला नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कुणीही जाऊ नये, हे त्यांनी मला फोनवरही बजावून सांगितलं.

त्यातच कागदपत्रांचं ओझं. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्येच ६०० रुपयांवरून ५००० वर गेलं होतं. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूप टिकवलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. काकांची गाडी त्याच्या अलीकडे अडकलेली आहे. जुनी म्हणून भुर्दंड आहे, जुनी म्हणून मान मात्र अजून नाही. पुढच्या तपासणीला गाडी गळत असताना न्यायची नाही, असं त्यांनी ठरवलंय. म्हणून सील आणलेलं आहे, क्लच प्लेटही आणून ठेवली आहे. गिअरबॉक्स खालून धरायला आणखी दोन माणसं हवीत. शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा सुट्टीत यायला कबूल आहे. दुसरा माणूस, ज्याने हे काम आधी केलेलं आहे असा, काका अजून शोधतायत.