युद्ध संपवण्यासाठी अणुबॉम्ब : प्रश्न आधी विचारायचा की नंतर?



आम्ही सध्या अल नहदा येथे मुलांकडे राहतो. दुबई आणि शारजा यांच्या सीमेवरची ही वस्ती. लिफ्टमध्ये मराठी, मल्याळी, उर्दू, अरबी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. भोवतालच्या देशांत लढाई पेटल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येते, कधी शेजाऱ्याच्या तोंडून, तर कधी आपल्याच नातलगांच्या व्हॉट्सॲपवरून : "एकच बॉम्ब टाकावा आणि कायमचे संपवावे. जपानला नाही का तसेच थांबवले?"

आपल्या पिढीला हे बोलणे कानाआड करता येत नाही. कोणाची नातवंडे इस्राएलच्या सैन्यात आहेत, कोणाची इकडे नोकरीला आहेत आणि मूळ घर अजून कोकणात आहे. म्हणून जपानमध्ये काय घडले आणि त्यावरचा वाद काय आहे, ते येथे मांडतो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अमेरिकेने बॉम्ब टाकला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्या स्फोटाची कल्पना यावी म्हणून मुंबईची आठवण देतो. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले. मांडवी, सॅम्युएल स्ट्रीट, इस्राएल मोहल्ला ही आपली जुनी वस्ती तेथून जवळच. त्या जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि आठशेहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. हिरोशिमाच्या बॉम्बची ताकद सुमारे १५,००० टन दारूइतकी होती, म्हणजे दहापटीहून जास्त. शिवाय त्यातून किरणोत्सार झाला. वरून धडधाकट दिसणारी माणसेही त्याने पुढे आठवड्यांनी, वर्षांनी मरत राहिली.

आता बॉम्बच्या बाजूने काय सांगतात ते ऐकू. जपान शरण येत नव्हता. १ नोव्हेंबर १९४५ पासून जपानच्या भूमीवर उतरण्याची अमेरिकेची योजना होती आणि त्यात दोन्हीकडची अगणित माणसे मेली असती. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी १९४७ साली लिहिले की एकट्या अमेरिकेचेच दहा लाखांहून अधिक सैनिक मृत किंवा जखमी झाले असते. हा आकडा फुगवलेला आहे, असे पुष्कळ इतिहासकार म्हणतात. पण मुद्दा खोटा नाही, आणि तो आपल्या घरापर्यंत येतो. १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा सुमारे ४०,००० हिंदी सैनिक कैद झाले. त्यांतले हयात राहिलेले पुष्कळजण अजून जपानी छावण्यांत होते. सप्टेंबर १९४५ मध्ये मलायाच्या किनाऱ्यावर हिंदी पलटणी उतरायच्या होत्या. युद्ध आधीच संपल्यामुळे त्या लढाईशिवाय उतरल्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या चीनमध्ये जखमींची सेवा करता करता १९४२ साली वारले, त्या चीनमध्ये जपानी आक्रमणाने एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला. युद्ध लांबण्याचा प्रत्येक महिना तेथेही प्रेतांनीच मोजला गेला असता.

विरुद्ध बाजूही तितकीच वजनदार आहे. जपानचे आरमार संपले होते, बंदरांची नाकेबंदी झाली होती आणि शहरे आधीच जळत होती. मार्च १९४५ मध्ये टोकियोत एका रात्रीच्या आगीच्या बॉम्बफेकीत सुमारे एक लाख माणसे मेली. ८ ऑगस्टला रशियानेही युद्ध पुकारले. तेव्हा जपान बॉम्बमुळे नमला की रशियामुळे, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. हिरोशिमात सैन्याचे मोठे ठाणे होते हे खरे. पण त्याच सकाळी हजारो शाळकरी मुले आग पसरू नये म्हणून घरे पाडून रस्ते मोकळे करण्याच्या कामावर होती. टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ साली वेगळा निकाल लिहिला. नागरिकांचा सरसकट संहार हा गुन्हा असेल, तर अणुबॉम्बचा निर्णय त्याच मापाने मोजला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादात आपल्या लोकांचा एक वेगळा भाग आहे. बॉम्बची कल्पना पुढे रेटली ती हिटलरच्या भीतीने. १९३९ साली आइन्स्टाइन यांच्या सहीचे पत्र अध्यक्ष रूझवेल्ट यांना गेले. ते तयार करण्यात लिओ झिलार्ड हे हंगेरीचे यहुदी शास्त्रज्ञ होते. जर्मनीने आधी बॉम्ब केला तर काय, ही चिंता खरी होती. पोलंडचे जोसेफ रॉटब्लाट यांची पत्नी मायदेशी अडकली आणि नाझींच्या कत्तलीतून वाचली नाही. तरीही जर्मनी बॉम्ब करत नाही हे कळताच १९४४ च्या अखेरीस रॉटब्लाट काम सोडून निघाले. झिलार्ड यांनी जुलै १९४५ मध्ये सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज केला : जपानला शरणागतीच्या अटी स्पष्ट सांगून संधी दिल्याखेरीज हे अस्त्र वापरू नये. तो अर्ज अध्यक्षांपर्यंत वेळेत पोहोचला नाही.

नागासाकीच्या बाबतीत तर नवा निर्णय असा झालाच नाही. बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत, असा एकच हुकूम आधी निघाला होता. १० ऑगस्टला अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या परवानगीशिवाय पुढचा बॉम्ब टाकू नये असे सांगितले. तोपर्यंत दोन शहरे गेली होती.

आपला धर्म यावर काय सांगतो? ताल्मूदाच्या सान्हेद्रिन भागात रोदेफचा, म्हणजे जीव घेण्यासाठी पाठलाग करणाऱ्याचा, नियम आहे. त्याला अडवणे कर्तव्य, वेळ आली तर ठार करूनही. पण हातपाय जायबंदी करून तो थांबण्यासारखा असताना ठार केले, तर तो दोष आहे. तेथेच असेही शिकवले आहे की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी निरपराध माणसाला मारता येत नाही. जपानी लष्कर रोदेफ होते, यात शंका नाही. घरे पाडणारी ती मुले रोदेफ नव्हती.

दबारीममध्ये शहराला वेढा घालण्याचे नियम आहेत. आधी शांतीचा निरोप पाठवायचा. वेढा कितीही लांबला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही. हे नियम वेढा पडण्याच्या आधी दिलेले आहेत, कारण वेढ्यात अडकलेल्या, चिडलेल्या सैन्याला नवी मर्यादा सुचत नाही. बेरेशीथमध्ये आब्राहामने सदोमसाठी परमेश्वराशी घासाघीस केली, पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत. तीही अग्नी पडण्याआधी.

म्हणून आमच्या मते येथे दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले का, हा इतिहासाचा प्रश्न. त्याचे उत्तर 'हो' आले तरी दुसरा प्रश्न उरतोच : एका शहरातली मुलेबाळे हे युद्ध संपवण्याचे साधन होऊ शकते का? आमचे उत्तर 'नाही' असे आहे. एकदा ते साधन मानले, की उद्या आपले शहरही कोणाच्या तरी हिशेबात साधनच ठरेल. आपल्या लोकांना हे निराळे शिकवायला नको.

मर्यादा आधी घालून घेता येते, याचे उदाहरण याच देशात आहे. अबू धाबीच्या बराका येथील चार अणुभट्ट्या देशाची सुमारे चौथा हिस्सा वीज देतात. पण २००९ साली, त्या बांधण्याआधीच, अमिरातीने कायदा केला की देशात युरेनियमचे संवर्धन करायचे नाही आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रियाही करायची नाही. बॉम्बकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा शांतपणे, युद्ध नसताना बंद केल्या.

आपण वडीलधाऱ्यांनी कायदे करायचे नाहीत. पण घरात कोणी "एकच बॉम्ब टाका" म्हणाले, तर रागावू नये, गप्पही बसू नये. शांतपणे विचारावे : कोणत्या शहरावर? तिथे दहा निरपराध माणसे असतील की नाही? आब्राहामने हेच विचारले होते, आणि आपण त्याची लेकरे म्हणवतो. परमेश्वर सर्वांना शांती देवो. आमेन.