एकीने काय होते?

"मी काही व्यसनी नाही. चहाबरोबर एखादी, परीक्षेच्या दिवसांत दोन-चार, एवढेच!" कॉलेजजवळच्या कोणत्याही कट्ट्यावर हे वाक्य ऐकू येते. बोलणारा खोटे बोलत नसतो. रोज पाकीट संपवणाऱ्याच्या मानाने त्याचे ओढणे खरोखरच थोडे असते. वीस सिगारेटींनी जेवढे नुकसान होते, त्याचा विसावा हिस्सा एकीने होईल, असा त्याचा हिशेब. त्रैराशिक बिनचूक आहे. पण आपल्या हृदयाला ते मान्य नाही!

लंडनच्या संशोधकांनी १४१ पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. कधीही न ओढणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट आढळला, तर रोज एकच ओढणाऱ्याला सुमारे दीडपट. म्हणजे वाढीव धोक्याचा जवळजवळ निम्मा वाटा पहिली सिगारेटच पदरात टाकते. उरलेल्या एकोणीस मिळून बाकीचा निम्मा!

असे का व्हावे? धुरामुळे रक्तातील बिंबिका चिकट होतात आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरालाही इजा पोचते. हे परिणाम घडायला फार धूर लागत नाही. थोड्याशा धुरानेच ते बऱ्याच अंशी घडून जातात. म्हणून तर स्वतः न ओढता घरातल्या दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्यांतही हृदयविकाराचा धोका सुमारे पाव पटीने वाढलेला दिसतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे गणित जरा निराळे आहे. तेथे ओढण्याचे प्रमाण कमी तसा धोका कमी, हे खरे. परंतु रोज किती ओढल्या यापेक्षा किती वर्षे ओढल्या, याला तेथे अधिक महत्त्व असते. विसाव्या वर्षी लागलेली 'एखादी' पन्नाशीपर्यंत टिकली, तर ती तीस वर्षांची सोबत होते.

विडी त्यातल्या त्यात बरी, ही समजूतही भाबडी आहे. तिच्यात तंबाखू कमी असते खरी. पण तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी विझू नये म्हणून झुरके वरचेवर घ्यावे लागतात. मुंबईत सुमारे दीड लाख लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तीत विडी सिगारेटपेक्षा सौम्य ठरली नाही.

आणखी एक गोष्ट. 'एखादी' फार दिवस एखादी राहत नाही. निकोटीनची गोडी मेंदूला लवकर लागते, आणि तरुण मेंदूला तर अधिकच लवकर. सुटी सिगारेट हे या वाटेचे सोपे दार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास बंदी घातली, ती याच विचाराने.

मित्रहो, दहावरून दोनवर आलेल्याने आनंद मानावा, पण तेथे थांबू नये. कारण हृदयाचा खरा लाभ शेवटची सिगारेट सुटण्यात आहे. आणि तो लाभ मिळायला फार काळही लागत नाही. ओढणे पूर्ण सोडल्यावर वर्षभरातच हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. एखादीच ओढणाऱ्याला तर सोडणेही तुलनेने सोपे. तेव्हा 'एकीने काय होते?' या प्रश्नाचे उत्तर इतकेच: जे व्हायचे त्याची सुरुवात एकीनेच होते.