वडिलांचे घर, गावची संस्था आणि डॉक्टरांची वही

करविषयक प्रश्नांची जी पत्रे श्रोत्यांकडून येतात, त्यांत एक वाक्य हटकून असते : ‘वडिलांच्या पश्चात आम्ही भावंडे घर विकत आहोत, कर किती पडेल?’ म्हणून आज आधी घराविषयी बोलू. संस्था आणि व्यावसायिक यांच्याकडे मग वळू.

घर वारसाहक्काने मिळाले एवढ्यावरून कर लागत नाही. आपल्याकडची इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली. कर लागतो तो घर विकल्यावर, आणि तोही नफ्यावर. ‘आम्ही तर एक रुपयाही दिला नव्हता, मग सगळाच नफा,’ असे कित्येक जण घाबरून विचारतात. तसे नाही. कायदा वारसाला वडिलांच्या जागी उभे करतो. त्यांनी मोजलेली किंमत ती तुमची किंमत, त्यांच्या खरेदीची तारीख ती तुमची तारीख. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. मात्र मुद्रांक शुल्कासाठी त्या दिवशी जे मूल्य होते, त्याच्या वर जाता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल सौदा ठरण्याआधीच करून घ्यावा.

समजा, वडिलांनी १९७८ साली चाळीस हजारांना घेतलेले घर तीन भावंडांनी २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकले आणि २००१ चा भाव १५ लाख निघाला. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. म्हणजे नफा ७५ लाख, कर ९ लाख ३७ हजार ५००. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला आणि जमिनीला जुन्या पद्धतीचा पर्याय ठेवला आहे. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे. त्याने १५ लाखांचे ५६ लाख ४० हजार होतात, नफा ३३ लाख ६० हजारांवर येतो आणि वीस टक्क्यांनी कर ६ लाख ७२ हजार होतो. फरक अडीच लाखांच्या वर. (अधिभार व उपकर यात धरलेला नाही.) उलट २००१ चा भाव नऊच लाख निघाला असता, तर साडेबारा टक्केच स्वस्त पडले असते. या वर्षाच्या निर्देशांकाने विक्रीची किंमत २००१ च्या भावाच्या आठ-साडेआठ पटींच्या पुढे गेली, की जुन्या पद्धतीत राम राहत नाही. दोन्ही हिशेब कागदावर मांडल्याशिवाय विवरणपत्र भरू नये.

आता खरी मेख. हा पर्याय फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना आहे. तीनपैकी एक भाऊ अमेरिकेत असेल, तर त्याच्या वाट्याला साडेबारा टक्केच. एकाच घराचे सारखे तीन हिस्से आणि कर वेगवेगळा, यावरून घरात धुसफूस झालेली मी पाहिली आहे. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर निवासी भावंडांच्या रकमेतून खरेदीदार एक टक्का कर कापतो. परदेशी भावाच्या हिश्श्यावर मात्र अनिवासींच्या दराने कापावा लागतो आणि तिथे ५० लाखांची मर्यादाही नाही. त्याने कमी कपातीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून आधीच मिळवला नाही, तर पैसे परताव्याची वाट पाहत अडकून पडतात.

बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची आपल्याकडे रीत आहे. तिने मोबदला न घेता हक्क सोडला, तर तिला कर नाही. पण पैसे घेऊन सोडला तर ते हस्तांतरणच, आणि नफ्यावरचा कर तिला भरावा लागतो. ‘कागदावर काही नको, रोखीने देऊ,’ म्हणणाऱ्या भावांना मी एवढेच सांगतो की, स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे दंड बहिणीच्याच माथी. तिला हिस्सा द्यायचाच असेल, तर तिला विक्रीखतात सहीला बसवावे आणि रक्कम तिच्या बँक खात्यात जाऊ द्यावी.

संस्थाचालकांचा नेहमीचा प्रश्न : ‘आमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, मग कर कसला?’ ती नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची. आयकरातून सूट हवी असेल, तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते, आणि ती मुदतीची असते. शिवाय उत्पन्नाच्या किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हावी लागते. वाचनालयाच्या इमारतीसाठी कोणी मोठी रक्कम दिली, तर ‘कायम निधीसाठी’ असे देणगीदाराचे पत्र घ्यावे. नुसत्या पावतीवर ती साधी देणगी ठरते आणि ८५ टक्क्यांच्या हिशेबात येते. देणगीदारांनाही खरे सांगावे : दोन हजारांवरील रोख देणगीला करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत विवरण भरणाऱ्याला कोणत्याच देणगीची वजावट मिळत नाही.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम उत्पन्न दाखवावी, हिशेबाच्या वह्या लागत नाहीत. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर मर्यादा ७५ लाख. पण ज्यांचे रुग्ण खिशातून नोटा काढून फी देतात, त्या गावाकडच्या डॉक्टरांना ५० लाखच धरून चालावे लागेल. ही सोय घेतल्यावर दवाखान्याचे भाडे, कंपाउंडरचा पगार, यंत्रांचा घसारा वेगळा मागता येत नाही. आणखी एक. रुग्णालय दहा टक्के कर कापून फी देते, तेव्हा हातात आलेले नव्वद हजार नव्हे, तर पूर्ण एक लाख जमा धरायचे. आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात एक लाखच दिसत असतात.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून मी येथे कलमे सांगितलेली नाहीत. अंदाजित उत्पन्नाची सोय घेणाऱ्यांनी आगाऊ कर मात्र एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत भरावा.